फायनलच्या तिकिटाचा भाव

लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतील समस्त आडते, खरेदीदार, हमाल, मापाडी, त्यांचे पाहुणे आणि पाहुण्यांचेही पाहुणे यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, मागच्या साली सोयाबीनच्या ऐन हंगामात लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका नव्याच मालाचा भाव रोज फुटत होता. हा माल कोणाच्या शेतात पिकत नव्हता, पोत्यात मावत नव्हता, त्याला ओल लागत नव्हती आणि त्यात माती निघत नव्हती. तैवान नावाच्या देशात होणाऱ्या बेसबॉलच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या फायनलचं तिकीट, असं त्या मालाचं नाव. आणि त्याचा रोजचा भाव जाहीर करण्याचं ऐतिहासिक काम प्रस्तुत इसमाकडे होतं.

प्रस्तुत इसम नांदेडला राहतो आणि शाळा-कॉलेजांना चषक, ढाली आणि पदकं विकतो. माझ्या दुकानात वर्षभर कोणी ना कोणी जिंकलेलं असतं. मी स्वतः चमचा-लिंबूतसुद्धा पहिल्या पाचात आलेलो नाही, पण सोनेरी कप पुसून पुसून माझ्या चेहऱ्यावर एक विजयी कळा आली आहे, असं माझं मत आहे. बायकोचं मत वेगळं आहे, ते इथे देत नाही.

माझे थोरले भाऊ, अण्णा, लातूरच्या मोंढ्यात आडत चालवतात. शेतकरी माल आणतो, अण्णांच्या दुकानापुढे ढीग लावतो, खरेदीदारांचा घोळका दुकानामागून दुकान फिरत येतो, बोली होते, माल जातो. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग आणि तोंडात भाव, हे अण्णांचं रूप मी जन्मापासून बघतो आहे. घरात कोणाला ताप आला तरी ते विचारणार, "काल कितीवर होता, आज कितीवर हाय?"

अण्णांची लेक, म्हणजे माझी पुतणी (अण्णांना ती अप्पा म्हणते आणि आईला अव्वा), कॉलेजसाठी नांदेडला आमच्याकडे राहायला आली. आल्यावर पंधरवड्यातच मी तिला कामाला लावलं. एका मैदानावर बक्षिसाच्या कपांचं खोकं पोचवायचं होतं. खोकं देऊन परत यायचं, एवढंच काम. पोरगी दिवेलागणीला परत आली ती पायापासून केसांपर्यंत मातीत लोळून, कपाळावर टेंगूळ घेऊन, आणि अशी हसत की मला वाटलं उन्हानं डोकं फिरलं. मैदानावर पोरी बेसबॉल खेळत होत्या, एक कमी पडत होती. खोकं मात्र तिनं द्यायचं विसरून परत आणलं होतं.

पुढे ती कॅचर झाली. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. फेकणारी चेंडू फेकते, मारणारी लाकडी सोट्यानं तो मारायला बघते, आणि मारणारीच्या पाठीमागे तोंडाला जाळी, छातीला गादी, पायांना पत्रे बांधून उकिडवी बसून जी सुटलेला प्रत्येक चेंडू झेलते, ती कॅचर. अण्णांना मी हे चहाच्या कपबश्या मांडून समजावलं. अण्णांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे मार खायला बसवलंय तिला."

"अण्णा, सगळा खेळ तिच्या डोळ्यांपुढे असतो. मुनीम बसतो तशी जागा आहे ती."

"मुनीमाला कोणी दगूड फेकून मारत न्हाई."

एवढं बोलणारे अण्णा तिचा एकही सामना बघायला आले नव्हते. सामने दुपारी, सौदाही दुपारी. सौद्याच्या वेळी आडत्या दुकानात नसला तर ढिगाला वाली कोण? एकदाच ते नांदेडला आले, थेट मैदानाच्या फाटकापर्यंत पोचले. तेवढ्यात लातूरहून फोन आला की तुरीचा भाव कोसळला. फाटकाला पाठ टेकवून अण्णा तुरीचा अंत्यविधी करत राहिले. फोन ठेवून आत वळले तर पोरी बॅगा भरत होत्या. "झालं का?" अण्णांनी विचारलं. "झालं अप्पा, जिंकलो," ती म्हणाली. तिनं ते इतकं सहज म्हटलं की मला तिच्याकडे बघवेना. अण्णांनी तिला उसाचा रस पाजला, दोन ग्लास, आणि परतीची गाडी धरली.

तर ती भारताच्या संघात निवडली गेली. आधीही एकदा गेली होती, पण राखीव म्हणून. यावेळी ती खरोखर खेळणार होती. निवडीची बातमी घेऊन ती लातूरला आली, अण्णांना नमस्कार केला आणि दुकानात चार लोक बसलेले असताना म्हणाली, "अप्पा, ही माझी शेवटची स्पर्धा. परत आले की शाळेत रुजू व्हायचंय, मग मी शिट्टी वाजवणार, पोरं खेळणार. एकदा तरी बघा मला खेळताना."

अण्णांनी टोपी नीट केली. चार लोकांकडे बघितलं. "येतो," म्हणाले.

मोंढ्यात चार लोकांपुढे तोंडातून गेलेला शब्द म्हणजे झालेला सौदा. वैनींनी त्याच दिवशी माळ्यावरची बॅग काढली.

पासपोर्ट आणि व्हिसाचं काम हैदराबादच्या एका एजंटानं केलं. उरलं तिकीट. मी मोबाईलवर शोधलं तर स्पर्धेच्या पानावर बऱ्याच प्रकारची तिकिटं होती, आणि घेतलेलं तिकीट तिथेच परत विकायचीही सोय होती, त्यामुळे भाव रोज खालीवर. "कुठल्या सामन्याचं काढू?" असं मी विचारलं, आणि तिथेच घात झाला.

"फायनलचं."

"अण्णा, आपण फायनलला जाऊच असं काही—"

"बारक्या, आपली पोरगी खेळायली, आन् आपण मधल्या सामन्याचं काढायचं? लोक काय म्हणतील?" पन्नाशी उलटलेल्या, अर्धं टक्कल पडलेल्या माणसाला चारचौघांत बारक्या म्हणणारा जगात एकच माणूस उरला आहे, त्यामुळे मी वाद घालत नाही. फायनलचा भाव बघितला. तैवानची माणसं बेसबॉलवेडी. एका खुर्चीला ती जेवढे पैसे मोजत होते, तेवढ्यात आपल्याकडे सोयाबीनचं दीड पोतं आलं असतं.

"काढू?"

"थांब," अण्णा म्हणाले. "नवा माल हाय, भाव चढाच असणार. आवक वाढू दे."

"अण्णा, आवक कशी वाढेल? खुर्च्या आहेत तेवढ्याच. खुर्च्या काही कोणी पेरत नाही."

"पेरत न्हाई, पण विकत तर हाय ना? ज्यानं घेऊन ठेवलंय त्याला दिवस जवळ आला की घाम फुटतो. हातात माल राहतो का काय म्हणून. मग तो सोडतो. तवा घ्यायचं."

मी नांदेडला परत गेलो. पण फोनवर सांगितलेला भाव अण्णांना पटत नसे. "भाव तोंडावर सांगायचा असतो," म्हणत. त्यामुळे नांदेड-लातूर, लातूर-नांदेड असा माझा लंबक सुरू झाला. एसटीत बसलो की लोह्यापर्यंत मोबाईलला रेंज असायची, पुढे जायची, अहमदपूरला परत यायची. तेवढ्या अवधीत भाव कुठे गेला असेल या धास्तीनं मी खिडकीबाहेर मोबाईल धरून बसायचो. शेजारचे लोक मला भूकंपाचा अंदाज घेणारा समजत असावेत. किल्लारीच्या बाजूच्या एका म्हाताऱ्यानं तर घाबरून विचारलंच, "काय दाखवायलंय का?"

"चढलंय," मी म्हणालो. तो पुढच्या थांब्यावर उतरला.

आणि मग एक भयंकर गोष्ट घडली. भाव खरोखर पडला. अण्णांचं गणित बरोबर निघालं. बरोबर निघालेल्या गणितानं माणसाचं जेवढं नुकसान होतं तेवढं चुकलेल्यानं होत नाही. अण्णा मोंढ्यात छाती काढून फिरू लागले. तिकिटाची वार्ता दुकानादुकानांत गेली. मी एसटी स्टँडवरून मोंढ्यात शिरलो की हमाल पाठीवरच्या पोत्याखालून विचारायचे, "काका, तिकीट काय फुटलं आज?" समोरच्या दुकानातल्या शेठनी तर आपला स्वतंत्र अभ्यास मांडला. "परदेशी माल हाय अण्णा. हंगाम सरला की कवडीमोल. मी म्हनतो सामन्याच्या दिवशी फाटकावर घ्या, फुकटात देतेल."

"फाटकावर नको," मी पटकन म्हणालो. अण्णांचा आणि फाटकांचा इतिहास मला ठाऊक होता.

अण्णांनी मनात एक आकडा धरला होता. तिथे आलं की घ्यायचं. तो आकडा ते कोणाला सांगत नव्हते, मलासुद्धा नाही, कारण सांगितलेला आकडा बाजाराला कळतो अशी त्यांची श्रद्धा. तैवानातल्या कुठल्या माणसाला लातूरच्या अण्णांच्या मनातला आकडा कळणार होता, हे मी विचारलं नाही. मी फक्त मोबाईल वाचायचो आणि अण्णांच्या भुवया बघायचो.

घरातली अवस्था मात्र बघवत नव्हती. वैनींनी बॅग भरली. मग उपसली. मग पुन्हा भरली. स्वेटर आत गेलं, बाहेर आलं. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी आत गेल्या, दोन दिवसांनी भाकरी बाहेर आल्या आणि आम्ही त्या खाल्ल्या. वैनी कमी बोलतात. त्यांनी मला एकदाच विचारलं, "भावजी, तिथं पायात काय घालतेत?" मी दाराकडे बघितलं तर तिथे नव्या चपलांचा जोड मांडून ठेवलेला, खोक्यातून काढून, टोकं दाराबाहेर करून.

"अण्णा, निदान विमानाचं काढून ठेवू," मी म्हणालो. "तेही चढतंय."

"आधी बैल, मग वेसण. सामन्याचं तिकीट न्हाई आन् विमानात बसून जायचं कुठं?"

एके दिवशी मी भाव सांगितला आणि अण्णांची भुवई हलली. मी ओळखलं, आकडा आला. अगदी आला. माझा अंगठा बटणावर. अण्णा उभे राहिले, बसले, गादीवरची धूळ झटकली, तांब्यातून पाणी प्यायले आणि म्हणाले, "पडायलंच हाय तर अजून जरा पडू दे."

दुसऱ्या दिवशी यजमान देशाचा संघ कुठलासा सरावाचा सामना जिंकला, आणि तिकीट असं उसळलं की मी मोबाईल बंद करून पुन्हा चालू केला, बिघडला असेल म्हणून. तिसऱ्या दिवशी भावच नव्हता. पानावर एकच ओळ होती, तिचा अर्थ मोबाईलनं सांगितला: शिल्लक नाही.

ही ओळ मी अण्णांना तोंडावर जाऊन सांगितली. अहमदपूरपासून पाय हलवत बसलो होतो, पुढच्या सीटवरच्या बाईनं दोनदा वळून बघितलं. अण्णांनी ऐकलं. म्हणाले, "गेला भाव हातचा." टोपी काढून गादीवर ठेवली. मग, "जाऊ दे. तिकीटच न्हाई तर तिथं जाऊन काय करायचं? पोरीला सांगू, हंगाम होता."

दुपारची वेळ होती. वैनी दोघांचा डबा घेऊन दुकानात आल्या होत्या. त्यांनी डब्याचं झाकण उघडलं होतं, ते पुन्हा लावलं. त्या झाकणाचा आवाज मी अजून विसरलो नाही. मोंढ्यात चारही बाजूंनी पोती आपटत होती, तरी तो ऐकू आला.

तेवढ्यात सराव शिबिरातून पोरीचाच फोन आला. मी स्पीकर चालू करून मोबाईल गादीवर ठेवला.

"काका, अप्पांचं विमान कधीचं?"

मी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी छताकडे बघितलं. शेवटी अण्णा घसा साफ करून म्हणाले, "बाळा, तिकीट संपलं की गं फायनलचं. लई थांबलो मी, पण माल संपला."

"कशाचं?"

"फायनलचं."

पलीकडून असं हसणं आलं की मोबाईल गादीवर थरथरला. "अप्पा! फायनल? आम्ही दोन सामने जिंकलो तरी विमानात पेढे वाटू! फायनल मोठ्या स्टेडियममध्ये असते, त्यांच्या लोकांची. आमचे सामने बाजूच्या मैदानावर. तिथं तिकीटच नसतं. यायचं आणि बसायचं."

"म्हंजे?"

"म्हणजे फुकट, अप्पा."

मला वाटलं आता सुटलो. मी वैनींकडे बघून हसलोसुद्धा. पण अण्णांचा चेहरा असा झाला होता जणू कोणी त्यांच्या दुकानाची पाटी उलटी लावली. "फुकट?" ते म्हणाले. "माझ्या पोरीचं फुकट? त्यांच्या पोरींना दीड पोतं, आन् माझ्या पोरीला फुकट?"

"अप्पा, तसं नसतं ते—"

"कसं नसतं? ज्याला भाव न्हाई असला माल मी जन्मात दुकानापुढं उतरवून घेतलेला न्हाई. कोण येतंय मग असल्या फुकटच्या सामन्याला?"

आता ती हसत नव्हती. "दुसऱ्या देशांच्या पोरींचे आईवडील येतात, अप्पा. छत्र्या, डबे, ढोल घेऊन येतात. नावानं ओरडतात. आमच्या बाजूच्या पायऱ्यांवर कोणी नसतं. मागच्या खेपेला झाडणाऱ्या एक मावशी बसल्या होत्या जेवायला, त्यांनी दोनदा टाळ्या वाजवल्या आमच्यासाठी. जाळीतून मला सगळं दिसतं ना, कॅचरचं तोंड मैदानाकडे असतं, पण वळलं की पायऱ्या दिसतात." मागून शिट्टी वाजली. "ठेवते. अव्वा आहे का तिथं? अव्वाला सांगा चप्पल नको, बूट घाल म्हणावं." आणि फोन बंद झाला.

डबा उचलून वैनींनी कोपऱ्यात ठेवला आणि पदर खांद्यावर ओढून दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

आणि सौदा आला. खरेदीदारांचा घोळका शेजारच्या दुकानावरून आमच्या दुकानापुढे सरकला. पहिले दोन ढीग चांगले होते, चटकन गेले. तिसरा होता जळकोटकडच्या एका शेतकऱ्याचा. पावसात भिजलेला, काळपट पडलेला माल. एका खरेदीदारानं मूठ भरली, नाकाशी नेली, सोडून दिली. दुसऱ्यानं मूठही भरली नाही. पुकारा झाला, कोणी बोललं नाही. शेतकरी ढिगाच्या पलीकडे उभा, टॉवेलचं टोक हातात पिळत, आणि बघत होता जमिनीकडे.

अशा वेळी काय होतं हे त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. अण्णांच्या दुकानापुढचा ढीग बिनबोलीचा राहत नाही. कोणी बोललं नाही तर अण्णा स्वतः पहिली बोली लावतात. माल त्यांना नको असतो. पण एक आवाज पडला की दुसरा पडतो, आणि ज्याचा ढीग आहे त्याला मान वर करता येते. नुकसान होऊन माल गळ्यात पडला असंही झालेलं आहे. त्याबद्दल अण्णांना विचारलं तर ते म्हणतात, "आपल्या दारात आलेला माणूस हाय." त्यापुढे बोलणं संपतं.

सगळे अण्णांकडे बघू लागले. अण्णा गादीवरून उठले, चपला न घालता खाली उतरले, ढिगाशी गेले आणि मूठ भरून घेतली. बोली लावली. आवाज नेहमीपेक्षा भरडा होता. समोरचे शेठ सवयीनं दहानं चढले. मग मागून कोणी आणखी चढलं. शेतकऱ्यानं मान वर केली. पुकारणारा आकडा घोळवू लागला, घोळक्यात ढकलाढकली सुरू झाली, बाजार आपल्या चालीनं चालू लागला.

अण्णा मात्र तिथेच उभे. मूठ तशीच बंद. भाव चढत होता आणि आयुष्यात पहिल्यांदा अण्णा चढणाऱ्या भावाकडे बघत नव्हते. ते दाराशी उभ्या असलेल्या वैनींकडे बघत होते, मग माझ्याकडे, मग पुन्हा वैनींकडे. ओठ हलत होते. मला वाटलं त्यांना चक्कर येते आहे, मी गादीवरून अर्धा उठलो. आणि ऐन बोलीत, पुकारणाऱ्याचा आवाज तोडून, अख्ख्या घोळक्याच्या डोक्यावरून अण्णा ओरडले,

"बारक्या, विमान काढ! आन् भाव विचारत बसू नको!"